पहिला मान कुणाचा

मला राग लवकर येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी "बाई जरा तापट दिसते" म्हणायला नको. दिसते काय, आहेच. आणि ज्या दिवसांची ही गोष्ट आहे, त्या दिवसांत तर घरात लग्न, बाहेर मे महिन्याचं ऊन आणि मध्ये मी, असा सगळा प्रकार होता.

नाव माझं जयवंता. आम्ही नल्लकुंट्याचे. मूळ गाव उदगीरकडे, पण सासरे तरुणपणीच शेती भावांच्या हवाली करून हैदराबादला आले, तेव्हापासून आमचं सगळं इथलंच. नवरा, अंबाजी, रेल्वेत होते. आता रिटायर झालेत आणि दिवसभर माझ्या पायात येतात. मोठा कुलदीप बंगळुरात नोकरीला, त्याचंच लग्न होतं. त्याच्या पाठची त्रिवेणी. गोष्ट तिची आहे. पण तिला सांगायला लावली तर दोन वाक्यांत उरकून फोनमध्ये डोकं घालेल, म्हणून मीच सांगते.

त्रिवेणी भूगोल घेऊन बीएस्सी झाली. भूगोल म्हटल्यावर भावकीत ज्यानं त्यानं विचारून घेतलं, "आता काय, मास्तरीण होणार का?" ती झाली नाही मास्तरीण. माधापूरला नकाशे करणाऱ्या एका कंपनीत लागली. जीआयएस म्हणतात त्या कामाला. मला तिनं ओढण्यांवरून समजावलं होतं. एकावर एक जाळीच्या ओढण्या पसरायच्या. एकीवर रस्ते, दुसरीवर घरं, तिसरीवर पाण्याचे पाइप. वरून पाहिलं की सगळं एकदम दिसतं आणि मग त्याला प्रश्न विचारता येतात. कुठल्या घरांना पाणी लांबून येतं, कुठल्या गल्लीत दवाखाना नाही, असले. ऐकायला किती छान! पण तिच्या वाट्याला काय आलं? तर उपग्रहातून काढलेल्या फोटोतली छपरं गिरवायची. दिवसभर छपरं. एकदा तर पाण्याच्या टाकीच्या सावलीला घर समजून गिरवलं म्हणून अख्ख्या गल्लीचं काम परत आलं. तेव्हा तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. पुढं पुढं हसणं बंद झालं.

"आई, मी शिकणार आहे अजून," असं ती संक्रांतीच्या सुमारास बोलली. मी म्हटलं, शीक की, नाही कोण म्हणतंय? मे महिन्यात दोन ठिकाणी नंबर लागला, आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. एक होता इथलाच, राजेंद्रनगरकडचा एक वर्षाचा डिप्लोमा. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, आणि तो झाला की कंपनी तिला परत घेऊन वरची जागा देणार. दुसरा देहरादूनला. दोन वर्षांची एमएस्सी. देहरादून! नकाशात बघितलं तर बोट वर सरकवता सरकवता दुखायला लागलं.

आता मला सांगा, चांगला कोर्स घराजवळ असताना एवढ्या लांब जायचं म्हणजे काय? मी तिला शंभर कारणं दिली. थंडी असते. जेवण वेगळं. आजारी पडलीस तर कोण बघणार? सुशिक्षित बाईसारखी कारणंही दिली, लगेच नोकरी, एक वर्ष वाचतं, अनुभव वाढतो. खरं कारण तेवढं दिलं नाही. ते असं की कुलदीप बंगळुरात, आता त्याचा संसार तिकडंच. ही पण गेली की घरात मी आणि अंबाजी, आणि आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी काय बोलणार, देवालाच ठाऊक.

ती तोंडावर "जात नाही" म्हणायची नाही आणि "जाते" असंही म्हणायची नाही. रोज एकदा यायची. मी पोळ्या लाटत असले की ओट्याला टेकून उभी राहायची.

"आई, जाऊ का गं देहरादूनला?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी परत. "आई, काय करू? जाऊ का?"

"तुझं तू बघ. मला विचारशील तर इथलं बरं."

मग ती आत निघून जायची. मला वाटायचं, चला, हळूहळू वळतेय पोरगी. विचारतेय म्हणजे मन डळमळतंय. शनिवारी कळवायची शेवटची तारीख होती, आणि मी मनातल्या मनात शनिवारची वाट बघत होते, हौ, खोटं कशाला बोलू.

मध्ये तिची ऑफिसातली सीनियर घरी आली. मृण्मयी तिचं नाव, पुण्याची, हुशार पोरगी. मी तिला मोठ्या आशेनं भजी वाढली. म्हटलं ही नोकरीवाली, ही सांगेल डिप्लोमाच कर म्हणून. तिनं सुरुवातही तशीच केली. "काकू, डिप्लोमा वाईट नाहीये हं. हात चांगला बसेल, जागा लगेच मिळेल." मी आणखी दोन भजी वाढली. तर पुढं म्हणते कशी, "पण त्रिवेणी, सॉफ्टवेअर काय, दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. ते तू घरी बसूनही शिकशील. तुला दहा वर्षांनी कसलं काम करायला आवडेल ते बघ. कुणीतरी सांगितलेला नकाशा काढायचा, की कुठला नकाशा काढायचा ते ठरवायचं? देहरादूनला शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष गावात जाऊन काम असतं. ते इथं नाही."

मी भज्यांचं ताट आत नेलं.

आणि मी पण काही कमी नाही. लग्नाच्या साड्या घ्यायला दिलसुखनगरला गेलो, तर तिथल्या कोचिंगच्या पाट्यांमध्ये एक जीआयएसची पाटी दिसली. मी तिला हाताला धरून जिना चढवला. म्हटलं, एक वर्षही नको, सहा महिन्यांत होत असेल तर त्याहून उत्तम. काउंटरवरच्या टायवाल्यानं थंड पाणी दिलं आणि सुरू झाला. जीआयएस, पायथन, ड्रोन, सगळं एकाच कॉम्बोत. त्रिवेणीनं एवढंच विचारलं, "फील्डवर्क किती आहे?" तो हसला. "फील्डवर्क का टेन्शनच नै मॅडम. सब एसी में होता." मला तर एकदम पटलं होतं. त्रिवेणी मात्र जिना उतरताना एवढी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मी तिच्याशी दोन दुकानं होईपर्यंत बोलले नाही.

तर हे असं चाललेलं असताना अक्षतीचा दिवस आला.

आमच्यात लग्नाची अक्षत घरोघरी जाऊन द्यायची असते. पत्रिका, कुंकू, अक्षता, आणि तोंडानं "यायचं बरं का". फोनवर नाही, पोस्टानं नाही. आणि त्यातही क्रम असतो. आधी देव. मग भावकीतली थोरली पाती. मग मुलाचा मामा. मग बाकीची भावकी वयानं, नात्यानं, मग सोयरे, मग शेजारीपाजारी. आमची थोरली पाती म्हणजे नामदेवराव, अंबाजींचे थोरले चुलतभाऊ. बेगम बाजारात त्यांचं मिरची-हळदीचं दुकान, वर घर. सासरे हैदराबादला आले तेव्हा याच घराच्या माडीवर उतरले होते. आमचं लग्न त्यांच्याच वडिलांनी लावलेलं. मी त्यांना भाऊजी म्हणते, मुलं थोरले काका म्हणतात. आजवर आमच्या घरातली एक पत्रिका त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाच्या हातात पडली नव्हती.

त्या गुरुवारी माझ्याकडं कुरडया घालायला बायका आलेल्या. गच्चीवर चीक शिजत ठेवलेला. तो सोडून कुठं जाणार? म्हटलं, तुम्ही बापलेक जाऊन सुरुवात करा. त्रिवेणी म्हणाली, "आई, तू काळजीच करू नको. सगळे पत्ते मी मॅपवर टाकलेत. कमीत कमी फिरून सगळी घरं होतील असा रूट काढलाय. एका दिवसात उरकतो." मला कौतुक वाटलं. खरंच वाटलं. बायकांना पण सांगितलं मी, "आमची त्रिवेणी बघा, कॉम्प्युटरनं अक्षत वाटतेय." बोलून गेले आणि चीक हाटायला बसले.

दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. भावकीचा एक व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. त्यावर फोटो. बरकतपुऱ्याच्या युवराजचा. युवराज म्हणजे धाकट्या पातीतला, नामदेवरावांचा पुतण्या लागतो, काल-परवा मिशी फुटलेला. सोफ्यावर बसून आमची पत्रिका छातीशी धरलेली, आणि खाली लिहिलेलं, "कुलदीपच्या लग्नाची पहिली अक्षत आमच्या घरी! पहिला मान दिल्याबद्दल अंबाजी काकांचे आभार." पुढं हात जोडलेले, फुलं, काय काय.

माझ्या हातातली पळी चिकात पडली.

मी फोन लावला. अंबाजी म्हणाले, "अगं, बरकतपुरा जवळ पडतो ना आपल्याला. पाच मिनिटांवर. तिथून सुरुवात केली."

"आणि भाऊजी?"

"ते शेवटी. बेगम बाजारात दुपारी गाडी शिरत नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं तिला, आधी थोरल्यांकडं जाऊ. पण ती म्हणाली, बाबा, उलट फिरणं होतंय."

या माणसानं लेकीशी वाद घालून जिंकल्याचं मला एकदाही आठवत नाही. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गच्चीवरच्या बायका गप्प बसून कुरडया घालत होत्या आणि कान मात्र इकडं.

संध्याकाळी दोघं परत आले ते तोंड पाडून. भाऊजी दुकानातच भेटले. पत्रिका पुढं केली तर म्हणाले, "ठेवा तिथं," आणि वजनकाट्याकडं बोट दाखवलं. हातात घेतली नाही. कुंकू लावून घेतलं नाही. वर चला म्हणाले नाहीत, चहा नाही. आणि निघताना एवढंच बोलले, "सगळ्यांचं देऊन झालं असेल ना? झालं तर बरं."

मी त्रिवेणीवर तुटून पडले. "कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत माणसं तोडायला निघालीस! एवढं शिकून हे? आता त्यांच्याशिवाय बोहल्यावर चढवायचं का पोराला?" एरवी माझ्या एका वाक्याला दोन परत करणारी पोरगी, आज पलंगावर बसून लॅपटॉपकडं बघत राहिली. त्यावर हैदराबादचा नकाशा होता आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांचे निळे ठिपके. सगळे ठिपके सारखे. कुठलाही दुसऱ्यापेक्षा मोठा नाही की लहान नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी त्याला चुकीचाच प्रश्न विचारला गं."

मी म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. पायावर डोकं ठेव आणि माफी माग."

शुक्रवारी सकाळी मी तिला रिक्षात घातलं आणि बेगम बाजार गाठला. लवकर गेलो म्हणून गल्लीत पाय ठेवायला जागा तरी होती. दुकानात मिरचीची पोती उतरत होती. मी शिंकत शिंकत, डोक्यावरचा पदर सावरत जिना चढले. वर जाऊबाई, सावित्रीबाई, भेटल्या. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं की काम अवघड आहे.

भाऊजी गादीवर बसलेले. पंचाहत्तरीचा माणूस, पण रुसलेला चेहरा चार वर्षांच्या पोराचा. त्रिवेणी पाया पडली.

"काका, चुकलं माझं."

"छे छे, तुझं कसं चुकेल? तू शिकलेली," भाऊजी भिंतीकडं बघत म्हणाले. "युवराजाचं घर रस्त्यावर, आमचं गल्लीत. आम्ही काय, म्हातारे. पँटची बटणं लावायला शिकवलं मी त्या युवराजाला! तो आज मला फोटो दाखवतो!"

"काका, मी कॉम्प्युटरला सांगितलं की कमीत कमी फिरून सगळी घरं घे. त्यानं तेवढंच केलं. त्याला मान म्हणजे काय ते ठाऊक नाही. मला ठाऊक असायला हवं होतं, तर मलाही धड नाही. देव, मग तुम्ही, मग मामा, एवढं येतं. त्यापुढं कोण आधी, कोण नंतर आणि का, ते मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगता का?"

भाऊजींनी भिंतीवरची नजर काढून तिच्याकडं वळवली. "काय करणार आहेस सांगून?"

"नकाशा परत करते. उदगीरकडची अक्षत अजून द्यायची आहे. आणि पुढं माझं लग्न आहे, तुमच्या नातवंडांची आहेत. परत असं नको व्हायला."

लग्नाचा विषय तिच्या तोंडून ऐकून मी दचकलेच. पण ती लॅपटॉप उघडून भाऊजींच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसली होती. मी म्हटलं, आता पाच मिनिटांत उठवतील आम्हाला.

त्यांनी उठवलं नाही. आधी एक-दोन नावं तुटकपणे सांगितली. मग तिनं विचारलं, "पण काचीगुड्याच्या आत्या वयानं लहान ना? मग त्या आधी कशा?" झालं. म्हाताऱ्याच्या अंगात वारं भरलं. "अगं, ती लहान, पण तिच्या सासूनं तुझ्या आजोबाला भाऊ मानलेला. ते मानलेलं नातं रक्ताच्या आधी." त्रिवेणी लिहीत होती, विचारत होती. मानलेलं नातं आधी, म्हणजे नेहमीच? की सासू हयात असेपर्यंत? कुणाशी बोलणं बंद आहे, त्यांची अक्षत कुणाच्या हाती पाठवायची? एकाच अपार्टमेंटमध्ये दोन घरं, तर आधी कुठली बेल वाजवायची? एकेका ठिपक्याला ती रंग देत होती. कुणाचा मोठा झाला, कुणाचा लहान. ज्यांच्याकडं जोडीनंच जावं लागतं, ते ठिपके पिवळे झाले. भाऊजी चष्मा पुसून जवळ सरकले.

"हे काय गं?"

"हा नवा थर आहे काका. काल माझ्याकडं घरं होती आणि रस्ते होते. हा मानाचा."

मग चिक्कडपल्लीच्या विहीणबाईंवरून नवरा-बायकोचं जुंपलं. भाऊजी म्हणतात त्यांचा मान रंजनाच्या आधी. रंजना म्हणजे जाऊबाईंची भाची. जाऊबाई आतून लाटणं घेऊनच आल्या. "अजिबात नाही! रंजनाच्या घरी पहिलं हळदीकुंकू जातं, नेहमी जातं. तुम्हाला काय माहीत, तुम्ही दुकानात!" मला वाटलं त्रिवेणी आता हैराण होणार. तर तिचा चेहरा उजळलेला. "थांबा थांबा," म्हणाली, "म्हणजे पुरुषांचा क्रम वेगळा आणि बायकांचा वेगळा? एकाच घराचे दोन मान?" दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी विचारलंच नसावं. आणि मग दोघं हसायला लागले, जाऊबाई तर पदर तोंडाला लावून.

मी कोपऱ्यात बसून बघत होते. आणि काय सांगू, मला कसंतरीच झालं. दोन वर्षं ही पोरगी रोज सकाळी डबा घेऊन कामाला जायची, आणि मी तिला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं काम म्हणजे ती छपरं. हे तिचं काम होतं. माणसाच्या पुढ्यात बसायचं आणि त्याला स्वतःलाही न सुचलेलं त्याच्याकडून काढून घ्यायचं. कसं नीट विचारत होती! रुसलेल्या म्हाताऱ्याला तासाभरात हसवलं तिनं, आणि हे काही राजेंद्रनगरला शिकवत नव्हते. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी धास्तीही. कारण मला दिसत होतं, ही जाणार.

भाऊजींनी शेवटी आमची पत्रिका मागवली. खाली काट्यावरच पडलेली, नोकर वर घेऊन आला. मी उठून दोघांना कुंकू लावलं, अक्षता दिल्या, "यायचं बरं का भाऊजी," म्हटलं. "येणार म्हणजे काय, पंगतीत पहिला बसणार," ते म्हणाले. "आणि त्या युवराजाला माझ्या समोर बसवा. मला त्याचं तोंड बघायचंय."

माझं काम झालं होतं. मी पिशवी उचलली. त्रिवेणी मात्र बसूनच.

"काका, आणखी एक आहे," ती म्हणाली. "हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पहिला मान तुमचा म्हणून तुम्हालाच सांगते. मी देहरादूनला जायचं ठरवलंय. दोन वर्षं. तिथं शिकवतात हे, की नकाशा करायच्या आधी माणसांना काय विचारायचं. आज उगाच जमलं मला. मला ते रीतसर यायला पाहिजे."

मी पिशवी धरून तशीच उभी. मला न सांगता? जिनं रोज ओट्याला टेकून मलाच विचारलं, ती आज माझ्यासमोर दुसऱ्याला सांगते? राग माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला.

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"कुणालाच नाही सांगितलं? आईला पण नाही?"

"नाही."

"मग मी काही ऐकलं नाही." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एवढा वेळ सांगतोय, डोक्यात शिरलं नाही तुझ्या. लग्नाची अक्षत असेल तर थोरल्या पातीची. पोर घर सोडून निघते ती बातमी आईची. आधी तिला द्यायची, तोंडानं, समोर उभं राहून. मग बापाला. मग माझ्याकडं ये, मी बसलोय इथंच. वळ."

त्रिवेणी उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्याहून उंच झालीय, हे रोज बघूनही मला त्या क्षणी कळलं.

"आई," ती म्हणाली, आणि थांबली. मला वाटलं आता रोजचंच येणार. पण ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आई, मी देहरादूनला जाते."

खाली कुणीतरी तेलुगूत हमालांवर ओरडत होतं. जाऊबाई लाटणं धरून दारात. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि माझी शंभर कारणं माझ्याजवळ होती, एकही कुठं गेलं नव्हतं.

"विचारतेस की सांगतेस?" मी म्हटलं.

"सांगते."

"मग जा," मी म्हटलं. "विचारलं असतंस ना, तर आजही मी नाहीच म्हटलं असतं."